प्रतिस्पर्धी पाहिजे

मित्र कसा असावा यावर मराठीत भरपूर लिहून झालेलं आहे. इयत्ता पाचवीच्या निबंधापासून निरोप समारंभातल्या भाषणापर्यंत सगळीकडे मित्रच मित्र. प्रतिस्पर्धी कसा असावा यावर मात्र कोणी अवाक्षर काढत नाही. वास्तविक मित्रावाचून माणसाचं भागतं. तसे भागवलेले दोन-चार गृहस्थ माझ्या पाहण्यात आहेत आणि त्यांची प्रकृती उत्तम आहे. प्रतिस्पर्ध्यावाचून मात्र चालत नाही. निदान आमच्या आष्टीचं तरी कधी चाललेलं नाही.

आष्टी म्हटलं की पुढला प्रश्न ठरलेला असतो. 'कुठली आष्टी?' एक आष्टी वर्धा जिल्ह्यात आहे, बेचाळीसच्या हुतात्म्यांची. एक जालन्यात, एक गडचिरोलीत. आमची बीडची. आता बीडची म्हणजे सातबाऱ्यावर बीडची. बाजार नगरचा, दवाखाना नगरचा, लग्नाचा बस्ता नगरचा. (नगरचं आता अहिल्यानगर झालंय, पण बस्ता अजून 'नगरला'च बांधतात.) २०२२च्या सप्टेंबरात आमच्याकडे रेल्वे आली, तीसुद्धा नगरहूनच. तीच रेल्वे पुढे बीडला पोचायला २०२५चा सप्टेंबर उजाडला. अशा परिस्थितीत आष्टीकर म्हणजे नेमका कोण, असा प्रश्न पडला तर छातीठोकपणे सांगता येईल असं उत्तर एकच आहे. आष्टीकर म्हणजे जो कड्याचा नाही तो.

कडा आमच्यापासून एसटीने अर्ध्या तासावर. म्हणजे भांडायला जायला सोयीचं आणि राग निवल्यावर परत यायलाही. आमच्या लहानपणी हनुमान जयंतीला कबड्डीचे सामने होत. 'कबड्डी' हे शाळेतलं नाव, घरी हुतुतूच. आष्टी आणि कडा समोरासमोर आले की त्या दिवशी दोन्ही गावांत शेतावर फक्त बैल असायचे. बहात्तरच्या दुष्काळात, म्हणजे त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, विहिरींनी तळ गाठलेला. मैदानावर शिंपडायला पाणी कुठलं आणणार? तरी सामना झाला. धुळीत कोण कोणाला धरतंय काही दिसेना. पंचांनी अर्धे निर्णय आवाजावरून दिले. आम्ही हरलो. 'दिसलं असतं तर जिंकलो असतो' हे वाक्य आष्टीत त्यानंतर दहा वर्षं टिकलं. ते ज्याने प्रथम म्हटलं तो मैदानावर नव्हताच, पण ते सोडा.

पुढे मला मुलगी सांगून आली तीही कड्याचीच. भावी सासरेबुवांनी पहिला प्रश्न पगाराबद्दल विचारला नाही. 'तुम्ही उजव्या कोपऱ्याला खेळता ना?' म्हणाले. मी हो म्हटलं. 'पाय चांगले धरता,' असा शेरा मारून त्यांनी सुपारी फोडायला सांगितली. लग्नात मी त्यांचे पाय पुन्हा धरले, पण त्या पकडीचा गुण काही मिळाला नाही. आमची ही आजही रागावली की 'तुमची आष्टी' म्हणते आणि मी 'तुमचा कडा' म्हणतो. एवढ्या वर्षांच्या संसारात भांडणाला विषय कमी पडला नाही, याचं श्रेय मी दोन्ही गावांना देतो.

तेव्हा सगळं काही सोवळं होतं असं मात्र समजू नका. एके वर्षी कड्याच्या संघात एक अनोळखी, पैलवानी अंगाचा गडी उतरला. आम्ही हरकत घेतली. कड्याची मंडळी म्हणाली, हा आमच्या अमक्या पाटलांच्या चुलत बहिणीचा मुलगा, सुट्टीला आलाय. आम्ही त्याला मामाचं नाव विचारलं. तर तो चिठ्ठी शोधायला लागला, आणि कबड्डीच्या चड्डीला खिसा नसतो. पुढल्या वर्षी आमच्याकडेही दोन भाचे सुट्टीला आले.

ही लबाडीच, त्यात वाद नाही. पण त्या लबाडीत एक गोष्ट होती. पैसे मोजून आणलेल्या माणसाला 'आपला' म्हणायचं तर आधी त्याचं काहीतरी नातं लावावं लागे. नुसती पावती दाखवून भागत नसे.

आता खऱ्या भाच्याकडे येतो. हा कॅलिफोर्नियात असतो. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात, ज्याला ते यूसीएलए म्हणतात, तिथे शिकला आणि तिथल्या फुटबॉलचं वेड घेऊन बाहेर पडला. हा फुटबॉल हाताने खेळतात. का, ते मी विचारलेलं नाही. परवा फोनवर स्वारी हळहळत होती. म्हणाला, 'मामा, आमच्या कॉलेजचा गट मोडला.'

अमेरिकेत म्हणे कॉलेजांचे गट असतात. आसपासच्या कॉलेजांनी एकत्र यायचं आणि दर वर्षी एकमेकांशी खेळायचं, म्हणजे आपलं आष्टी, कडा, जामखेड, पाटोदा. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या या गटाचं मूळ १९१५ सालचं. मग टीव्ही आला. शेजाऱ्याशी झालेला सामना फक्त शेजारी बघतात. नामांकित कॉलेजाशी नामांकित कॉलेज भिडलं तर सारा देश बघतो आणि जाहिरातीचा दर चढतो. 'बिग टेन' नावाच्या दुसऱ्या एका गटाने २०२२ साली तीन वाहिन्यांशी सात वर्षांचा करार केला, सात अब्ज डॉलरच्या वरचा. भाच्याचं कॉलेजही शेजाऱ्यांना रामराम करून २०२४ पासून त्या गटात गेलं. आता ते न्यू जर्सीच्या कॉलेजाशी गटातला सामना म्हणून खेळतं. मध्ये सुमारे चार हजार किलोमीटर. 'बिग टेन'मध्ये आता अठरा कॉलेजं आहेत आणि नाव टेनच आहे. पॅसिफिकच्या काठावरची दोन कॉलेजं 'अटलांटिक किनारा' नावाच्या गटात जाऊन बसली. आपल्या गावाची नावं बदलतात म्हणून कुरकुरणाऱ्यांनी याचा विचार करावा. तिथे नाव जागेवर ठेवून समुद्र बदलतात.

मला सगळ्यात वाईट वाटलं ते ऑरेगनचं. ऑरेगन आणि ऑरेगन स्टेट अशी दोन विद्यापीठं, दोन गावांत, मध्ये पासष्टेक किलोमीटर. १८९४ पासून एकमेकांविरुद्ध खेळतायत. त्यातलं एक श्रीमंत गटात गेलं. दुसरं मोडक्या गटात मागे राहिलं, जिथे २०२४ साली दोनच सभासद उरले होते. दोघांचा गट! पत्त्यांचा डावसुद्धा होत नाही.

मी भाच्याला समजावलं, 'अरे, पण तुझ्या कॉलेजाचा संघ आहे ना तोच?' तर म्हणाला, 'मामा, खेळाडू तर दर चार वर्षांनी बदलतातच. त्याचं काय!'

फोन ठेवल्यावर मला या वाक्याने धरलं. खेळाडू बदलतात आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही. प्रशिक्षक बदलतात. गणवेश बदलतो. मग 'आपला संघ' म्हणजे राहतो तो काय? वारीच्या दिंडीत दर वर्षी माणसं बदलतात, पण वाट तीच आणि पोचायचं ठिकाणही तेच, म्हणून दिंडी तीच. संघाला ना वाट, ना पंढरपूर. आष्टीच्या संघात माझ्यानंतर माणसांच्या चार पिढ्या येऊन गेल्या असतील. तरी तो आष्टीचाच संघ होता, कारण समोर कडा होता. संघाला ओळख देतो तो समोरचा. समोर रोज नवा माणूस उभा केला तर आरशात रोज नवा चेहरा दिसल्यासारखं व्हायचं. दाढी कोणाची करायची?

माझे मेहुणे हे मानत नाहीत. ते कड्याचे असल्यामुळे न मानणं हे त्यांचं कर्तव्यच आहे. पण त्यांचा मुद्दा कच्चा नाही. ते म्हणतात, 'दाजी, तुमच्या हुतुतूने कोणाचं पोट भरलं? टीव्ही आला तेव्हा कबड्डीवाल्यांच्या घरात पैसा आला.'

खरं आहे. २६ जुलै २०१४ला मुंबईत प्रो कबड्डी लीग सुरू झाली. आठ संघ. मातीच्या जागी मॅट, आणि एका चढाईला तीस सेकंद. पूर्वी चढाईचा हिशेब दमावर होता, आता तो घड्याळाकडे गेला. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीला काहीतरी करून दाखवायचं, नाहीतर बाद. आमच्या वेळी रिकामी चढाई ही एक कला होती. मध्यरेषेवर नुसतं घुटमळून समोरच्याला शिव्या द्यायला लावणारे कलावंत होते. ते टीव्हीवर चालणार नाहीत, हे मलाही कळतं. पहिल्याच वर्षी ४३.५ कोटी लोकांनी हे सामने पाहिले, असं जाहीर झालं. दुसऱ्या वर्षी, २०१५ला, सामने दाखवणाऱ्या स्टारने लीग चालवणाऱ्या कंपनीचा ७४ टक्के हिस्साच घेऊन टाकला. म्हणजे फड त्यांचा आणि कनातही त्यांचीच. २०१७ला आठाचे बारा संघ झाले.

आणि पैसा? २०१४च्या लिलावात सगळ्यात महाग खेळाडू १२ लाख ८० हजारांना गेला. २०१९ साली आपल्या चंदगड तालुक्यातल्या सिद्धार्थ देसाईवर १ कोटी ४५ लाखांची बोली लागली. २०२३ला पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाखांच्या वर. माणसांचा लिलाव हा शब्द ऐकून आमच्या पुण्याच्या एका स्नेह्यांना मळमळलं. मला नाही मळमळलं. आमच्या तालुक्यातून दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादम उचल देतो. नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात, एकट्या माणसाला 'अर्धा कोयता'. जिथे माणसाचा कोयता होतो तिथे त्याचा 'रेडर' झाला तर ती बढतीच म्हणायची. वर ही बोली सगळ्या देशादेखत लागते आणि घेणाऱ्याला आकडा मोठ्याने बोलावा लागतो.

अमेरिकेत तर उलटंच. टीव्हीचे अब्जावधी डॉलर कित्येक वर्षं कॉलेजांनी आणि प्रशिक्षकांनी घेतले. खेळणाऱ्या पोरांना फी माफ आणि जेवणखाण. विद्यापीठाने खेळाडूला सरळ पैसे द्यायला सुरुवात झाली ती २०२५च्या जुलैत. त्या हिशेबाने आमची कबड्डी पुष्कळच सभ्य. तिने पहिल्याच वर्षी खेळणाऱ्याच्या हातावर काही ठेवलं.

तेव्हा पैशाबद्दल माझी तक्रार नाही. (मेहुण्यांपाशी मी एवढं स्पष्ट बोललो नाही. त्यांना फार आनंद झाला असता.) तक्रार आहे ती समोरच्या माणसाबद्दल.

पुणेरी पलटण घ्या. २०२४च्या मार्चमध्ये त्यांनी विजेतेपद मिळवलं, कप्तान आपल्या नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. मी घरात पेढे वाटले. त्या संघात इराणचा मोहम्मदरेझा शादलुई होता, २ कोटी ३५ लाखांचा. पुण्याला इराणी नवा नाही, पण तो चहाच्या दुकानात असतो. हा पकडी करत होता आणि काय पकडी! आमच्या हिने त्याला 'आपला शादलू' करून टाकलं. पुढल्या मोसमात आपला शादलू हरियाणाच्या संघात गेला आणि हरियाणा विजेता. त्याच्या पुढल्या वर्षी तो गुजरातचा. सिद्धार्थ देसाईचंही तेच. एक वर्ष मुंबईकडून गाजवलं आणि दीड कोटीला पाच लाख कमी घेऊन तो तेलुगू झाला. मी त्याला दोष देत नाही; मी असतो तर चालत हैदराबादला गेलो असतो. पण बघणाऱ्याने काय करायचं? ही म्हणते, 'अहो, आपली मुलगी सासरी गेली तरी आपलीच ना?' आपलीच. पण ती दर वर्षी नव्या सासरी जात नाही.

आणि २०२५ साली कळस झाला. त्या वर्षीचे सगळे सामने विशाखापट्टण, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली या चारच गावांत. म्हणजे पुणेरी पलटण अख्ख्या मोसमात पुण्यात एकही सामना खेळली नाही आणि मुंबईचा संघ मुंबईत खेळला नाही. पुणे-मुंबई सामन्याला टीव्हीवाले कौतुकाने 'महाराष्ट्र डर्बी' म्हणतात. ती महाराष्ट्राच्या बाहेर झाली. टीव्हीला शेजाऱ्यांचं वैर नको असतं असं मुळीच नाही, चांगलं हवं असतं. ते विकलं जातं. फक्त शेजार तेवढा वगळून हवं असतं. पलटण अंतिम सामन्यापर्यंत गेली आणि दिल्लीत दिल्लीकडून ३१-२८ अशी हरली. तीन गुणांनी! आता मला सांगा, या पराभवाचं मी आष्टीत काय करू? कड्याकडून हरलो तर दुसऱ्या दिवशी कड्याचा दूधवाला दारात हसत उभा राहायचा. ते हसणं गिळून दूध घ्यावं लागे. बाजारात, लग्नात, एसटीत, सगळीकडे तो पराभव भेटायचा. आणि जिंकलो की आम्हीही कामाशिवाय कड्याला चक्कर मारून यायचो. दिल्लीचा एकही माणूस माझ्या ओळखीचा नाही. पाटण्याच्या संघाचं नाव 'पायरेट्स', म्हणजे समुद्री चाचे. पाटण्याला समुद्र नाही आणि मला पाटणा नाही. माझी त्यांच्याशी ना सोयरीक, ना बांधाचं भांडण. ज्याची मुलगी कधी काळी आपल्या घरात येऊ शकत नाही त्याच्याशी वैर तरी कशाच्या आधारावर करायचं?

वैर हा शब्द मी चांगल्या अर्थाने वापरतोय. त्याला दुसरा शब्द मराठीत नाही. भावकी म्हणता आलं असतं, पण त्यात कोर्ट येतं.

मेहुणे म्हणतात, मग बघू नका. हा मुद्दा कायद्याने तपासण्यासारखा आहे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात सांगून ठेवलंय की आकाशातल्या प्रक्षेपणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. म्हणजे त्यात माझाही हिस्सा आला. सातबाऱ्यावर अजून नाव लागलं नाही, एवढंच. माझ्याच जमिनीत दुसऱ्याने पीक घेतलं तर निदान बांधावर उभं राहून 'असं पेरू नका' म्हणण्याचा हक्क मला असावा. मेहुणे म्हणाले, 'दाजी, आता सगळं मोबाइलवर बघतात. लहरीबिहरी राहिल्या नाहीत.' मोबाइलला काय वायर असते का, असं मी विचारणार होतो, पण जेवायची वेळ झाली.

पैशाशिवाय खेळाडू घडत नाही, या त्यांच्या दुसऱ्या वाक्यावर मात्र मी त्यांना आमच्याच तालुक्यात पकडलं. मांडव्याचा अविनाश साबळे. लहानपणी शाळेसाठी मैलोन्‌मैल पायपीट, मग सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये, सियाचिनची थंडी. ६ ऑगस्ट २०२२ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्याचं सुवर्ण पाच शतांश सेकंदाने हुकलं. पुढल्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने ते घेतलंच. त्या शर्यतीत अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्यावरून उडी. आष्टी तालुक्याच्या माणसाला अडथळ्यांचं काही वाटणार नाही. इतकं पाणी एका जागी पाहून तो बिचकला कसा नाही, हे मला कोडं आहे. त्याला कोणी लिलावात घेतलं नव्हतं. पगार सैन्याने दिला आणि पाय मांडव्याच्या रस्त्याने. यावर मेहुणे म्हणाले, 'एक साबळे झाला. बाकीच्यांनी काय करायचं?'

आणि बाकीच्यांतला एक आमच्या शेजारीच राहतो.

नाव सांगत नाही. एकोणीस वर्षांचा आहे. आईबाप हंगामात ऊसतोडीला जातात तेव्हा आजीपाशी असतो. डावा कोपरा खेळतो. घोट्याची पकड अशी की मी जुन्या कोपऱ्याचा माणूस असूनही पाहत राहतो. आमच्या जत्रेचे सामने अजून होतात, पण रंग उतरलाय. बक्षिसाची रक्कम वाढली, तशी लांबलांबून जीपगाड्या भरून संघ यायला लागले. गावची पोरं पहिल्याच फेरीत बाद. संध्याकाळी टीव्हीवर लीगचा सामना असला की मैदानावर पंच आणि कुत्री. गेल्या वर्षी आष्टी-कडा सामना झालाच नाही. कोणी रद्द केला नाही. दोघांनाही आठवण राहिली नाही. या पोराला त्याचं काही वाटलं नाही. त्याला लीगवाल्यांच्या नव्या खेळाडूंच्या चाचणीचं बोलावणं आलं होतं. निवड झाली तर काही लाख मिळतात. काही लाख म्हणजे आईबापांचे दोन कोयते घरी राहतील; खरं तर दोघं मिळून एकच, पण तो दोन म्हणतो.

जायच्या आदल्या दिवशी तो पाया पडायला आला. ही आत पोळ्या करत होती. मी त्याला घोट्याबद्दल चार गोष्टी सांगितल्या. त्याने ऐकल्यासारखं केलं. मग म्हणाला, 'नाना, मला बंगालने घेतलं आणि समोर पुणे आलं, तर तुम्ही कोणाकडनं?'

'तुझ्याकडनं.'

'आणि पुढच्या वर्षी पुण्याने घेतलं तर?'

'मग पुण्याकडनं.'

'आणि तिसऱ्या वर्षी पाटण्याने घेतलं तर?'

'तर पाटण्याकडनं. तू पैसे घे बाबा, मी बघतो काय करायचं ते.'

तो हसला. चप्पल घालता घालता उंबऱ्यावर थांबला. 'कड्याचा तो उजव्या कोपऱ्याचा आहे ना, त्यालाबी बोलावलंय. आम्ही एकाच गाडीनं चाललोय. दोघं एकाच संघात आलो तर लई भारी होईल, नाना. डावा कोपरा मी, उजवा तो.'

मी चष्मा काढून धोतराला पुसायला घेतला. स्वयंपाकघरातला पोळपाटाचा आवाज थांबला.

'आता बोला,' ही आतून म्हणाली.